मावशींना ‘स्वतःच्या रक्तातून बनवलेली’ कॅन्सरची लस द्यावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मावशी 61 वर्षांच्या, स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतातही डाग दिसलेत, केमोच्या चार सायकल झाल्यात. एका खासगी केंद्राने सांगितलंय की त्यांच्याच रक्तातून डेंड्रिटिक सेलची लस बनवू, सहा डोस, नऊ लाख रुपये. वर ‘या शोधाला नोबेल मिळालंय’ अशी पुस्ती जोडली. शिवाय फॅमिली ग्रुपवर रशियाच्या लशीचा मेसेज फिरतोय आणि तुमच्या भावाचं म्हणणं आहे की आयआयटीची कार-टी (रुग्णाच्याच प्रतिकारक पेशी लॅबमध्ये बदलून परत देण्याचा उपचार) का नको.

आधी उत्तर: ते नऊ लाख देऊ नका. मी डॉक्टर नाही, पण इम्युनॉलॉजीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाच्या, लॅबमध्ये बावीस वर्षं काढली आणि त्यातली बरीचशी याच पेशी वाढवण्यात गेली. त्यामुळे नुसतं ‘नको’ म्हणून थांबत नाही.

नोबेलची गोष्ट खरी आहे. केंद्रवाल्यांनी ती अर्धीच सांगितली असणार. राल्फ स्टाइनमन हे मूळचे मॉन्ट्रियलचे, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात काम करायचे. 1973 मध्ये त्यांनी झानव्हिल कोह्न यांच्याबरोबर उंदराच्या प्लीहेत एक नवीच पेशी दाखवली. फांद्या फुटल्यासारखी दिसायची, म्हणून झाडावरून नाव पडलं डेंड्रिटिक. पुढची कित्येक वर्षं बऱ्याच जाणकारांनी ती फारशी मनावर घेतली नाही, कारण प्लीहेत असतातच त्या मूठभर. पण शत्रूचा तुकडा पकडून तो टी-पेशींना (शत्रूवर चालून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना) दाखवायचा आणि ‘याला ओळखून ठेवा’ म्हणून शिकवायचं, हे काम ही पेशी सगळ्यात उत्तम करते. मग साहजिकच विचार आला: हिला कॅन्सरचा तुकडा दिला तर?

2007 मध्ये स्टाइनमनना स्वतःलाच कॅन्सर निघाला. स्वादुपिंडाचाच. ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि काढलेली गाठ सहकाऱ्यांच्या लॅबमध्ये गेली. त्या गाठीपासून त्यांच्यासाठी डेंड्रिटिक सेलच्या लशी बनल्या, इतरही प्रायोगिक उपचार झाले. सगळे रीतसर परवानगी काढून, कागदोपत्री. निदानानंतर ते साडेचार वर्षं जगले. या आजारात एवढी वर्षं फार थोड्यांना मिळतात. 30 सप्टेंबर 2011 ला ते गेले आणि 3 ऑक्टोबरला स्टॉकहोमहून नोबेल जाहीर झालं. समितीला ते गेल्याचं ठाऊकच नव्हतं. मरणोत्तर नोबेल देत नाहीत, तरी निर्णय चांगल्या हेतूने झाला होता म्हणून तो कायम ठेवला.

आता यातून कुणी म्हणेल, बघा, लशीमुळे जगले. मला विचाराल तर ते सांगताच येत नाही. ऑपरेशन, केमो, लशी सगळं एकाच माणसावर, आणि तुलनेला दुसरा कुणी नाही. नोबेल मिळालं ते पेशीच्या शोधाला. तुमच्या केंद्रातल्या सहा डोसांना नाही. शिवाय स्टाइनमन यांची गाठ काढता आली होती, मावशींचा आजार यकृतात गेलेला आहे. फरक इथेच आहे, पुढे सांगते.

ही लस बनते कशी, ते डोळ्यांसमोर असलेलं बरं. रुग्णाला यंत्राला जोडतात, रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून बाकीचं रक्त परत शरीरात सोडतात. तीन-चार तास सहज जातात. यंत्रातलं रक्त गोठू नये म्हणून जे द्रावण वापरतात त्याने कॅल्शियम उतरतं आणि ओठांना मुंग्या येतात, मग कॅल्शियम द्यावं लागतं. त्या पेशींतल्या मोनोसाइट नावाच्या पेशी निवडून दोन प्रथिनांच्या साथीने इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या. पाच-सहा दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली गुळगुळीत गोल पेशींना पदर फुटायला लागतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या दोघींना हाका मारून बोलावलं होतं. दृश्य खरंच सुंदर असतं. पण एक सांगू? पदर फुटलेली पेशी म्हणजे लस नव्हे. तिला कॅन्सरचा कोणता तुकडा दाखवला, तिला ‘पिकवलं’ की कच्चीच ठेवली (कच्ची पेशी टी-पेशींना उलट शांत बसायला शिकवू शकते!), आणि नंतर रुग्णाच्या रक्तात त्या तुकड्याविरुद्ध टी-पेशी वाढल्या का, हे मोजलं की नाही, यावर सगळं ठरतं.

माझ्या एका जवळच्या नातेवाइकाने मला न विचारता अशीच लस घेतली होती. नंतर रिपोर्ट हातात आला. त्यावर जिवंत पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण होतं, सुबक शिक्का होता, सही होती. पेशींना शिकवलं काय, याबद्दल एक ओळ नव्हती. शाळेत हजेरी नव्वद टक्के, अभ्यासक्रम कोरा! कुठलं केंद्र ते लिहीत नाही.

आता आकडे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले स्टीव्हन रोझेनबर्ग यांचं अख्खं आयुष्य इम्युनोथेरपीत, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडण्याच्या उपचारांत, गेलं, म्हणजे हा माणूस लशींचा वैरी नव्हे. 2004 मध्ये त्यांनी आपल्याच विभागाचा हिशेब मांडला: आजार पसरलेले 440 रुग्ण, 541 लशी, आणि गाठी मोजण्याइतक्या आटल्या त्या 2.6 टक्के वेळा. स्वतःच्या कामाबद्दल असा आकडा छापायला धाडस लागतं.

2010 चा अभ्यास तर त्याहून बोलका. मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरचे 676 रुग्ण होते. काहींना इपिलिम्युमॅब, काहींना जीपी100 नावाची लस, काहींना दोन्ही. नुसती लस: मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले, निम्मे कमी) 6.4 महिने. नुसतं इपिलिम्युमॅब: 10.1. दोन्ही मिळून: 10.0. लशीने भर काहीच घातली नाही. इपिलिम्युमॅब मात्र पुढच्या वर्षी मंजूर झालं. हे औषध टी-पेशींना काही शिकवत नाही, त्यांच्यावरचा एक ब्रेक काढतं. टी-पेशींच्या अशा ब्रेकांवरच्या कामासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं.

मुद्दा असा की टी-पेशी शिकून तयार झाल्या तरी मोठ्या, जुन्या गाठीत शिरल्यावर त्यांचं काही चालत नाही. गाठ त्यांचे ब्रेक दाबते, स्वतःची ओळख लपवते. स्वादुपिंडाची गाठ तर भोवती घट्ट तंतूंची तटबंदीच बांधून बसते. आत शिरणं हीच पहिली लढाई. म्हणून लशी बऱ्या दिसतात त्या ऑपरेशननंतर, जेव्हा शरीरात चुकार पेशीच काय त्या उरलेल्या असतात.

याचं उत्तम उदाहरण मावशींच्याच आजाराचं आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये विनोद बालचंद्रन यांच्या गटाने ऑपरेशन झालेल्या 16 रुग्णांना त्यांच्या-त्यांच्या गाठीतल्या बदलांवर बेतलेली एमआरएनए लस (शरीराच्या पेशींना प्रथिन बनवायची कृती देणारी) दिली. सोबत ब्रेक काढणारं औषध आणि केमोही. लस बनवली बायोएनटेकने, तीच कोविडच्या लशीवाली. ही मंडळी मुळात कॅन्सरच्या लशींसाठीच कंपनी काढून बसली होती, कोविड मध्येच आला. 16 पैकी 8 जणांच्या टी-पेशी जाग्या झाल्या. तीन वर्षांनंतर पाहिलं तर त्या आठांपैकी बहुतेकांचा आजार परतलेला नव्हता, उरलेल्या आठांपैकी बहुतेकांचा परतला होता. आकडा फार छोटा आहे, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती मुळात दणकट तेच जागे झाले असतील ही शंका राहतेच. म्हणून मोठी चाचणी चालू आहे. पण त्या सोळांच्या गाठी काढलेल्या होत्या. मावशींच्या यकृतातले डाग काढलेले नाहीत.

डेंड्रिटिक सेलच्या वाटेने जाणारी एक लस अमेरिकेत 2010 मध्ये मंजूर झाली, हेही सांगायला हवं, नाहीतर केंद्रवाले तेच तुमच्यापुढे टाकतील. प्रोव्हेंज, प्रोस्टेट कॅन्सरसाठी. 512 रुग्णांच्या चाचणीत आयुष्य साधारण चार महिन्यांनी वाढलं, गाठ फारशी आटली नाही, किंमत तेव्हा 93 हजार डॉलर. कंपनी 2014 मध्ये दिवाळखोरीत गेली. आणि तो पुरावा प्रोस्टेटचा. स्वादुपिंडाला तो उसना देता येत नाही.

रशियाचं: डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी एमआरएनए लस मोफत देणार असं जाहीर केलं, तोच मेसेज अजून फिरतोय. रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचे निकाल पाहिल्याशिवाय घोषणेवर मी काही बोलणार नाही. जुना अनुभव मात्र सांगते. भारतातून अमेरिकेत गेलेले संशोधक प्रमोद श्रीवास्तव यांच्या कामातून ऑन्कोफेज नावाची लस आली होती, रुग्णाच्याच गाठीतली हीट शॉक प्रथिनं (पेशीवर ताण आला की वाढणारी) वापरून केलेली. कल्पना फार देखणी. किडनीच्या कॅन्सरवरच्या मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांमध्ये आजार परतण्यात फरक दिसला नाही, अमेरिकेत मंजुरी मिळाली नाही, आणि 2008 मध्ये रशियाने मंजूर केली. मंजुरी आणि पुरावा दर वेळी हातात हात घालून चालतात असं नाही.

भावाची कार-टी: आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली नेक्सकार19 ऑक्टोबर 2023 मध्ये मंजूर झाली. अभिमान वाटावा असंच काम आहे, पण ते बी-पेशींच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) रक्ताच्या कॅन्सरसाठी. मावशींना लागू नाही.

आणि हे सगळं वाचून ‘इम्युनोथेरपी म्हणजे थाप’ असंही म्हणू नका. आपल्या दंडावर व्रण उठवणारी बीसीजी 1976 पासून मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरवर वापरतात. कॅथेटरने आत सोडायची, दोन तास लघवी धरून ठेवायची, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. त्या दोन तासांचा त्रास ज्यांनी काढलाय त्यांना विचारा, पण उपयोग होतो. इथेही गंमत तीच: आजार वरवरचा असताना.

मग मावशींसाठी काय? उद्या ऑन्कोलॉजिस्टकडे जाल तेव्हा विचारा की बायोप्सीवर एमएमआर किंवा एमएसआय तपासणी (गाठीच्या पेशींची डीएनए दुरुस्ती बिघडली आहे का ते पाहणारी) झाली का. स्वादुपिंडात ही पॉझिटिव्ह येणारे शंभरात एखाद-दोन, पण आलीच तर ब्रेक काढणारं औषध खरोखर कामाचं ठरू शकतं. दुसरं, रक्तातून बीआरसीए तपासणी, म्हणजे कुटुंबात चालत येणाऱ्या कॅन्सरच्या जनुकातल्या बदलाची. त्यावर केमोची निवड बदलू शकते, पुढे गोळ्यांचा पर्याय निघू शकतो, आणि तुमच्या आईलाही त्याची माहिती लागेल, सख्खी बहीण आहे ती. या दोन्ही तपासण्यांचा खर्च नऊ लाखांच्या जवळपासही जात नाही. तिसरं, दुखणं आणि जेवण. पॅलिएटिव्ह केअरची (दुखणं आणि त्रास कमी करणारी) टीम आत्ताच जोडून घ्या, ती शेवटच्या आठवड्यासाठी नसते. जेवल्यावर पोट फुगतं, तेलकट शौच होतं असं असेल तर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल विचारा. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात आणि हे बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही.

केंद्रवाल्यांना नाहीच म्हणवत नसेल, तर फोन करून एवढंच विचारा: सीटीआरआयवरचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला) नोंदणी क्रमांक काय? ही चाचणी आहे म्हणाले तर लशीचे पैसे आमच्याकडून का? मंजूर उपचार आहे म्हणाले तर स्वादुपिंडासाठीच्या मंजुरीचं पत्र दाखवा. आणि पेशींना कोणता तुकडा शिकवणार? उत्तर लेखी मागा. मावशींचा बायोप्सी रिपोर्ट इथे टाकणार असाल तर नाव, हॉस्पिटल आणि नोंदणी क्रमांक झाकून टाका. मी संध्याकाळी बघते.