फेरीवाल्यांचा विषय आणि सफाईचा ठेका: सभेच्या आधी काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नगरपरिषदेच्या येत्या सर्वसाधारण सभेत दोन विषय आहेत. एक, बसस्थानक ते बाजारपेठ हा रस्ता ना-फेरीवाला क्षेत्र (जिथे फेरीवाल्यांना बसायला मनाई) जाहीर करणे. दुसरा, शहर सफाईच्या ठेक्याची नवी निविदा. फेरीवाले आणि कंत्राटी सफाई कामगार मिळून मोर्चा काढावा, की सभेत जाऊन बोलावं?

सभेत तुम्हाला बोलता येणार नाही. बसता येईल, ऐकता येईल. बोलायचा हक्क नगरसेवकांचा. मोर्चा काढायचा तर काढा, पण तो सभेच्या दिवशी काढून फारसा उपयोग नाही. मी नगरपरिषदेत सभा विभागात नोकरी करून निवृत्त झालो. वादाचा विषय सभागृहात किती वेळ चालतो ते सांगतो: विषय वाचला जातो, समोरून ‘मंजूर, मंजूर’ होतं, सूचक-अनुमोदकाची नावं टिपली जातात आणि पुढचा विषय. खरं ठरलेलं असतं ते विषयपत्रिकेसोबत जाणाऱ्या टिपणीत, म्हणजे प्रशासनाने त्या विषयावर लिहिलेल्या मजकुरात. म्हणून आज-उद्या आधी ती टिपणी मिळवा. सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघावी लागते, म्हणजे ती तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाच्या घरी पोचलेली असणार. त्याच्याकडून फोटो काढून घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून वाट बघत बसलात, तर तीस दिवसांत सगळं उरकलेलं असेल.

फेरीवाल्यांची बाजू कायद्याने भक्कम आहे. पथविक्रेत्यांचा कायदा 2014 चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत सरळ लिहिलंय की सर्वेक्षण होऊन पथविक्री आराखडा तयार होत नाही, तोवर कोणताही भाग ना-फेरीवाला जाहीर करता येत नाही. सर्वेक्षणात जिथे आधीपासून बाजार भरत असल्याचं दिसलं, ती जागाही तशी जाहीर करता येत नाही. ‘अस्वच्छता होते’ एवढं कारणही पुरत नाही. ती घाण निव्वळ विक्रेत्यांमुळेच होते आणि नगरपरिषदेने आपलं काम करूनही निस्तरता येत नाही, असं असावं लागतं. आता टिपणी वाचा. ‘वाहतुकीस अडथळा, नागरिकांच्या तक्रारी, स्वच्छतेच्या दृष्टीने’ हे तीन शब्दप्रयोग असतील आणि सर्वेक्षणाचा उल्लेखही नसेल, असा माझा अंदाज. वर्षानुवर्षं हाच मसुदा तारीख बदलून फिरतो.

मुख्याधिकाऱ्यांना एकच लेखी प्रश्न विचारा: नगर पथविक्रेता समिती स्थापन झाली आहे का, आणि या जागेबद्दल तिची शिफारस कुठे आहे? याच कायद्याने नेमायच्या त्या समितीचे अध्यक्ष मुख्याधिकारीच असतात, त्यामुळे ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणायची सोय नाही. समितीत किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. वीस जणांची समिती असेल तर आठ फेरीवाले. बऱ्याच ठिकाणी ही निवडणूकच झालेली नसते, जुन्या ओळखीतले चार जण ‘प्रतिनिधी’ म्हणून बसवलेले असतात. मुंबईसारख्या ठिकाणी फेरीवाल्यांचं मतदान व्हायला 2024 चा ऑगस्ट उजाडला. कायदा येऊन दहा वर्षं झाली होती. तुमच्या गावात समिती नसेल तर नवल वाटून घेऊ नका, पण ते लेखी उत्तरात येऊ द्या.

हातगाडी उचलून नेली तर जप्त मालाची यादी जागेवर मिळाली पाहिजे. नाशवंत माल दावा केल्याच्या दिवशीच परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. हे सगळ्यांना तोंडपाठ करायला लावा. आणि बाजार वसुलीच्या ठेकेदाराच्या पावत्या फेकू नका. सर्वेक्षणात ‘आम्ही इथे कधीपासून बसतो’ हे दाखवायला त्याच कामी येतात. ठेकेदार पावती देत नसेल, तर ती तक्रार आधी करा.

तुमच्यासोबत आलेल्या दुकानदारांसाठी एक. बाजारपेठ आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायचा ठराव नगरपरिषद करेल, अशी अफवा तुम्ही लिहिली आहे. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान सातही दिवस उघडं ठेवता येतं. नोकराला मात्र आठवड्याची सुट्टी द्यावी लागते. या भानगडीत वेळ घालवू नका.

आता सफाईचा ठेका. इथे जास्त सांगतो, कारण लोकांचं लक्ष इथे कमी असतं. फेरीवाल्यांच्या बाबतीत नगरपरिषद नियम लावणारी आहे. सफाईच्या बाबतीत ती स्वतः मूळ मालक (ज्याच्या कामासाठी ठेकेदार नेमला तो) आहे आणि तरी ‘ते ठेकेदाराचे कामगार आहेत’ म्हणून हात झटकते. ठेकेदाराने किमान वेतन दिलं नाही तर फरक मूळ मालकाने भरायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही आहे. शहर साफ ठेवणं हे तर नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने अशीच लढाई लढली. ठेका हा नुसता देखावा आहे हे सिद्ध झालं आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 2,700 कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. पण त्याला वर्षं लागली. तुमच्याकडे आठवडा आहे, म्हणून निविदेकडे वळू.

अंदाजपत्रकाचा तक्ता मागा. किती माणसं, कोणत्या दराने, किती महिने. स्थानिक प्राधिकरणातल्या कामासाठी किमान वेतन वेगळं ठरलेलं असतं आणि त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. चालू दरपत्रक सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे मिळेल. त्यात भविष्य निर्वाह निधी, कामगार राज्य विमा योजनेचा मालकाचा 3.25 टक्के हिस्सा, 8.33 टक्के बोनस, सुट्टीचा बदली माणूस, हातमोजे-गमबूट धरा. समजा हे सगळं धरून माणशी महिना 25 हजार होतात आणि माणसं 60. वर्षाला 1 कोटी 80 लाख. सर्वांत कमी दराची निविदा 1 कोटी 30 लाखांची आली, तर ते 50 लाख कुठून वाचले? झाडूच्या खर्चातून एवढं वाचत नाही. एक तर हजेरीपटावर 60 आणि रस्त्यावर 40, नाहीतर खात्यात पूर्ण पगार टाकून निम्मा हातात परत मागणं. दोन्ही प्रकार तुमच्या कामगारांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील.

हे गणित एका पानावर लिहा आणि विरोधी गटातल्या एखाद्या अभ्यासू नगरसेवकाकडून उपसूचना म्हणून, म्हणजे मूळ ठरावात सुचवलेली दुरुस्ती म्हणून, द्या: ‘किमान वेतनाच्या हिशोबापेक्षा कमी दराची निविदा स्वीकारू नये, आणि मागच्या महिन्याचा भविष्य निर्वाह निधी भरल्याच्या चलनाशिवाय ठेकेदाराचं पुढचं बिल काढू नये.’ सत्ताधाऱ्यांनाही याला उघड विरोध करणं जड जातं. डिसेंबर 2025 नंतर नवी सभागृहं बसली आहेत, निम्मे नगरसेवक नवखे आहेत. त्याआधी वर्षानुवर्षं प्रशासकाच्या एका सहीवर ठराव होत होते, त्यामुळे उपसूचना नावाचा प्रकार असतो हेच काहींना ठाऊक नाही. त्यांना आयता मसुदा हवा असतो, तो तुम्ही द्या.

उपसूचना लेखीच द्यायची आणि पोच घ्यायची. ठरावाचा मजकूर सभेनंतर लिहिला जातो. तोंडी विरोध इतिवृत्तात ‘साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ होऊन बसतो, आणि तो पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना पहिल्या पाच मिनिटांत पक्का होतो. तेव्हाही नगरसेवकाला हरकत घेता येते, हे त्याला सांगून ठेवा.

तरीही रस्त्याचा ठराव झालाच, तर नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. बेकायदा ठरावाची अंमलबजावणी ते थांबवू शकतात. अर्जासोबत टिपणीची प्रत आणि समितीबद्दल मिळालेलं लेखी उत्तर जोडा. उत्तर मिळालंच नसेल तर पोच जोडा, तीही चालते.

टिपणी आणि अंदाजपत्रकाचा तक्ता हाती आला की इथे टाका. पगारपत्रकं टाकणार असाल तर कामगारांची नावं आणि खाते क्रमांक झाकून टाका. ठेकेदाराची माणसंही वाचत असतात.