तो बरोबर चालतोय, हे कळायला वेळ लागतो

बाप्तिस्म्याला तीनच महिने झालेत आणि तू विचारतेस, "प्रभू जवळ आहे असं काही जाणवतच नाही, माझं चुकतंय का?" नाही गं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 24 वा अध्याय काढ. यरुशलेमहून साधारण 11 किलोमीटरवरच्या अम्माऊस गावाला निघालेले येशूचे दोन शिष्य वाटेत मरणातून उठलेल्या येशूबरोबरच चालले, बोलले, वर त्यालाच त्याच्या वधस्तंभाची सगळी हकिगत ऐकवली. तरी ओळखलं नाही! ओळख पटली ती जेवायला बसल्यावर, त्याने भाकर मोडली तेव्हा. आणि मग त्यांना आठवलं, वाटेतच आतून कसं भरून येत होतं ते.

म्हणून म्हणते, मागे वळून बघायची सवय लाव. मी रात्री भांडी विसळताना दिवस उलटा आठवते: कुणावर खेकसणार होते आणि गप्प राहिले, कुणाचा फोन नेमक्या वेळी आला. कधी काहीच सापडत नाही. तशा दिवशी नुसतं "तारणाऱ्या, तू आहेस" म्हणते आणि झोपते. मंडळीत आपला अनुभव सांगून साक्ष देणाऱ्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याशी स्वतःची तुलना करू नकोस (मला तर रडूच येत नाही). प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून घेतात तो रविवार मात्र चुकवू नकोस.