ट्रॅक्शन इंजिन जरूर बांधा, पण कर्ज काढून दोन इंची नको

प्रश्न : मी ४४ वर्षांचा आहे. रबाळ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, राहायला ऐरोलीत. हातात ९२,००० येतात. घराचा हप्ता ३१,००० (अजून नऊ वर्षं), घरखर्च ४२,०००, एसआयपी १०,०००. एफडी २ लाख ४० हजारांची आहे आणि दिवाळीला साधारण १ लाख १० हजार बोनस मिळतो. मुलगी दहावीत आहे. वाफेवर चालणारं ट्रॅक्शन इंजिन, म्हणजे पूर्वी रस्त्यावर आणि शेतात ओझी ओढणाऱ्या इंजिनाचं छोटं चालतं मॉडेल, स्वतःच्या हातानं बांधायची फार इच्छा आहे. तीन पर्याय काढलेत. पहिला, इंग्लंडहून दोन इंची इंजिनाचे कास्टिंग (ओतीव भाग) आणि तयार बॉयलर, ४ लाख ८० हजार. ३ लाखांचं पर्सनल लोन १३ टक्क्यांनी आणि बाकी एफडी मोडून. दुसरा, ‘मिनी’ नावाचं एक इंची इंजिन आणि त्यासाठी १ लाख ५ हजारांचा सात इंची छोटा लेथ (धातू फिरवून कापायचं यंत्र). तिसरा, मॅमोड या वाफेची खेळणी बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं जोडायचं किट. पत्नीचं म्हणणं, अर्ध्यात सोडाल. काय करावं?

उत्तर : आधी तुमचा महिना मांडू. हप्ता, घरखर्च आणि एसआयपी गेल्यावर तुमच्याकडे ९,००० उरतात. ३ लाखांच्या कर्जाचा तीन वर्षांचा हप्ता १०,१०८ रुपये बसतो. पहिल्याच महिन्यापासून अकराशे रुपये कमी पडणार आणि ते एसआयपीतूनच जाणार. तीन वर्षांचं व्याज जवळपास ६४,०००. शिवाय एफडीतून १ लाख ८० हजार काढले की मागे ६०,००० राहतात. हप्ता आणि घरखर्च मिळून तुम्हाला महिन्याला ७३,००० लागतात, म्हणजे नोकरीत काही कमीजास्त झालं तर एक महिनाही निघणार नाही. तेही मुलीच्या बारावीच्या आणि प्रवेशाच्या तोंडावर. पहिला पर्याय पैशाच्या बाजूनं इथेच बाद होतो.

कामाच्या बाजूनंही तो तुमच्यासाठी नाही. एक इंची म्हणजे मूळ इंजिनाच्या एका फुटाला मॉडेलमध्ये एक इंच. दहा टनांचं इंजिन धरलं तर एक इंचीचं वजन सहा किलोच्या आसपास येतं, दोन इंचीचं पंचेचाळीसच्या पुढे, कारण माप दुप्पट झालं की वजन आठपट होतं. प्रत्यक्ष मॉडेल याहून थोडी जडच निघतात. फ्लॅटच्या बाल्कनीतून लिफ्टपर्यंत ते एकट्यानं नेता येणार नाही. मूळ इंजिनाचं फ्लायव्हील (जड गतिचक्र) साडेचार फुटी असेल, तर एक इंचीत ते साडेचार इंची होतं आणि दोन इंचीत नऊ. सात इंची लेथवर सात इंच व्यासापर्यंतचाच भाग बसतो, नऊ इंची फ्लायव्हील फिरतच नाही. म्हणजे ४ लाख ८० हजारांत मोठा लेथ धरलेलाच नाही, किंवा प्रत्येक मोठा भाग बाहेर टर्निंगला द्यावा लागेल.

मॅमोडचं किट पाना आणि स्क्रूड्रायव्हरनं एका संध्याकाळी जोडून होतं. त्याचा सिलिंडर डोलणारा असतो, वाफ आत-बाहेर सोडणारी खरी व्हॉल्व्ह गिअर नसते. गंमत आहे, पण तुम्हाला बांधायचंय, आणि ती हौस त्यानं भागणार नाही.

माझा कौल ‘मिनी’ला. हे एल. सी. मेसन यांचं एक इंची डिझाइन आहे आणि नवख्यांनी आजवर ते भरपूर बांधलंय. मात्र सगळं एकदम विकत घेऊ नका. लेथ चांगला ठेवला तर गिऱ्हाईक मिळतं. अर्धवट मशिनिंग केलेल्या कास्टिंगला आपल्याकडे भंगाराच्या वर भाव मिळणं कठीण. म्हणून पैसा आधी हत्यारांत घाला, कास्टिंग सगळ्यात शेवटी.

पत्नीच्या शंकेचं उत्तर पहिल्या तीन महिन्यांत मिळू शकतं, तेही लेथशिवाय. पितळी नळी, पट्टी आणि स्टीलचा रॉड आणून एक डोलणाऱ्या सिलिंडरचं इंजिन बांधा. बेंच ड्रिल कारखान्यात किंवा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये वापरता येईल. यात बहुधा दोनच गोष्टी बिघडतात : सिलिंडर ज्या पृष्ठभागावर डोलतो तो सपाट नसतो, किंवा पिव्हटचं (ज्या खिळीवर तो डोलतो तिचं) भोक त्याला काटकोनात नसतं. मग वाफ फटीतून निसटते आणि इंजिन दोन फेरे मारून थांबतं. जाड काचेवर ६०० नंबरचा पॉलिशपेपर ठेवून एकमेकांना टेकणारे दोन्ही पृष्ठभाग घासा, भोक मात्र ड्रिलप्रेसवरच पाडा. सायकलच्या पंपाच्या हवेवर ते सलग फिरलं, तर पुढचं बोलू.

उरणाऱ्या ९,००० मधले ५,००० आपत्कालीन निधीला, ४,००० इंजिनाला. बोनसही निम्मा निम्मा. वर्षाअखेर इंजिनाच्या खात्यात १ लाख ३ हजार होतात, म्हणजे जवळपास लेथ. निधी ३ लाख ५५ हजारांवर जातो. सहा महिन्यांचा खर्च ४ लाख ३८ हजार आहे, तो पल्ला दुसऱ्या वर्षात गाठाल. एसआयपीला हात लागत नाही. लेथच्या किमतीवर थांबू नका; फोर-जॉ चक, ड्रिल चक, मायक्रोमीटर, टॅप-डाय, मिलिंगसाठी व्हर्टिकल स्लाइड यांचा खर्च वेगळा आणि बराच असतो. तो दुसऱ्या वर्षाच्या पैशातून येऊ द्या.

पहिलं वर्ष रिकामं जात नाही. ड्रॉइंग घेऊन मागची टेंडर टाकी आणि चाकांचे आरे करा. करवत, कानस, ड्रिल आणि रिव्हेट पुरतात. हॉर्नप्लेट (क्रँकशाफ्ट धरणाऱ्या दोन बाजूंच्या प्लेट) आणि आरे महापे-रबाळ्याच्या लेझर कटिंगवाल्यांकडून कापून घेता येतात. फक्त क्रँकशाफ्टच्या बेअरिंगची भोकं लेझरनं पूर्ण मापाची पाडू नका. दोन्ही प्लेट एकावर एक क्लॅम्प करून एकाच सेटिंगमध्ये रीम करा, म्हणजे रीमरनं अचूक मापाला आणा. नाहीतर शाफ्ट तिरका बसतो आणि गिअर एका बाजूनं खाल्ले जातात. ड्रॉइंगमध्ये बीए आटे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे बारीक स्क्रूचे आटे, असतील. ६ बीएच्या जागी एम ३ आणि २ बीएच्या जागी एम ५ बहुतेक ठिकाणी चालतात, पण भोकाजवळ भिंत पातळ असेल तिथे आधी मोजा.

बॉयलरवर जास्त लिहितो, कारण पैसा आणि धोका दोन्ही तिथे आहेत. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं बॉयलर कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, म्हणजे सरकारी तपासनीस येणार नाही आणि जबाबदारी पूर्ण तुमची. तांब्याचा पत्रा आणि नळी गुलालवाडी-कीका स्ट्रीटला मिळेल. ड्रॉइंगमध्ये १६ गेज म्हटलं असेल तर १.६ मिमीच घ्या, स्वस्त म्हणून पातळ नको. बुशसाठी (बॉयलरला फिटिंग बसवायच्या आटेदार कड्यांसाठी) दुकानदार पितळ पुढे करील. गनमेटल (तांबं-कथलाचा मिश्रधातू) मागा, कारण गरम पाण्यात पितळेतलं जस्त झिजत जातं आणि आटे ठिसूळ होतात. जोड एसीवाल्या कारागिराकडून करून घ्यायचा मोह होईल. त्याच्याकडचा रॉड बहुधा फॉस्फरस-तांब्याचा असतो. कोळशातल्या गंधकानं तो जोड कुजतो, म्हणून कोळशाच्या बॉयलरला तो वापरायचा नाही.

हवं ते ५५ टक्के चांदीचं, कॅडमियम नसलेलं सोल्डर. ते ६३० ते ६६० अंशांना वितळतं. चांदी कशी भडकलीय ते तुम्ही जाणता, म्हणून लागेल तेवढंच मोजून घ्या. जोडातली फट ०.०५ ते ०.१५ मिमी ठेवा. जास्त रुंद झाली तर सोल्डर आत खेचलं जात नाही आणि तुम्ही कांडीमागून कांडी जाळत बसता. जोड स्वच्छ ठेवायला लावलेला फ्लक्स आधी फुगतो, मग पाण्यासारखा स्वच्छ होऊन पसरतो. त्या क्षणी कांडी जोडाला लावा, ज्योतीत धरू नका. तांब्याच्या उष्णतेनंच ती वितळली पाहिजे. फ्लक्स काळा पडला तर थांबा, सायट्रिक ॲसिडमध्ये धुऊन पुन्हा सुरुवात करा. तांबं उष्णता फार झपाट्यानं पळवतं. छोटा टॉर्च कितीही वेळ धरला तरी जोड तापत नाही. मोठा प्रोपेन बर्नर लागतो, आणि तो बाल्कनीत नाही, वर्कशॉपमध्येच चालवायचा. घरातला गॅस सिलिंडर त्याला जोडणं नियमात बसत नाही.

तयार बॉयलरची चाचणी पाण्यानं करा, हवेनं कधीच नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जोड सुटला तर फक्त ठिबकतो. हवा असेल तर तुकडे उडतात. बॉयलर काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. हातपंपानं टप्प्याटप्प्यानं कामाच्या दाबाच्या दुप्पट न्या आणि काटा स्थिर राहतो का ते पाहा.

हे काम जड वाटलं तर तयार बॉयलर मागवा, पण चाचणीच्या दाखल्यासह. दाखला नसलेल्या बॉयलरचं मॉडेल पुढे विकताना कोणी घेत नाही.

परदेशातून काही मागवताना कस्टम्स ड्युटी, आयजीएसटी, कुरिअरचं शुल्क आणि कार्डाचा फॉरेक्स मार्कअप धरूनच पर्यायांची तुलना करा. तुमच्या पत्रातल्या ४ लाख ८० हजारांत यातलं काय धरलंय ते दिसत नाही. खेळणी आणि चालती स्केल मॉडेल कस्टम्सच्या एकाच शीर्षकाखाली, ९५०३ मध्ये येतात, आणि १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. म्हणून विक्रेत्याला पावतीवर ‘टॉय’ न लिहिता वस्तूचं खरं वर्णन लिहायला सांगा : मशिनिंग न केलेली ओतीव कास्टिंग, मॉडेल इंजिनीअरिंगसाठी, मुलांसाठी नाही. पार्सल अडकलं तर हीच पावती तुम्हाला दाखवावी लागेल.