होले वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतात

प्रश्न : गहू निघाला की आमच्या वावरात दुपारून होल्यांचे थवे उतरतात. मी कॅमेरा घेऊन धुऱ्यावर बसतो, पण पक्षी एकतर पाठ करून बसतात, नाहीतर पार पलीकडच्या टोकाला उतरतात. इंग्लंडमध्ये खोटी कबुतरं मांडून रानकबुतरांना जवळ आणतात, असं वाचलं. ते इथे जमेल का? (ता. दर्यापूर, जि. अमरावती)

जमेल, पण आधी वारा समजून घ्या. खोट्या पक्ष्यांचं काम त्यानंतरचं. कबुतर कुळातला कोणताही पक्षी जमिनीवर उतरताना वाऱ्याच्या समोर येतो, कारण समोरून वारा मिळाला की वेग कमी होतो आणि पाय टेकवणं सोपं जातं. तुमच्या तोंडावर वारा येत असेल, तर पक्षी तुम्हाला पाठच दाखवणार. वारा तुमच्या पाठीशी हवा. मूठभर कुटार उडवून दिशा बघा, आणि दुपारी वारा बदलतो म्हणून बसण्याआधी पुन्हा बघा.

मार्चमध्ये विदर्भात दुपारचा वारा बहुधा पश्चिमेकडून असतो आणि ऊनही पश्चिमेचंच. पाठ पश्चिमेला करून बसलात की होले पूर्वेकडून, उन्हात उजळलेले, थेट तुमच्याकडे तोंड करून उतरतील. हिवाळ्यात वारा बहुधा ईशान्य-पूर्वेचा. तेव्हा दुपारी वारा पाठीशी घेतला तर ऊन डोळ्यांत येतं, म्हणून तुरीच्या किंवा सोयाबीनच्या मोकळ्या वावरात त्या दिवसांत सकाळीच बसावं.

जागा ठरवायला आदल्या दिवशी साडेतीन ते साडेपाच लांबून नुसतं बघत राहा. होले वाटेल तिथून येत नाहीत. नाल्याकाठच्या बाभळी, पांदण, विजेची तार अशा ठरावीक रेषेनं येतात, आधी उंचावर टेकतात, वावर न्याहाळतात आणि मग उतरतात. उतरतातही जिथे दाणा सांडलाय तिथेच : हार्वेस्टर वळला ती कडेची पट्टी, मळणीयंत्र उभं होतं ती जागा. लपण या जागेपासून 12 ते 15 मीटरवर, वारा येतो त्या बाजूला करा.

लपणासाठी तुराट्या आणि बारदाना पुरतो. चार बाय चार फूट, उंची चार फूट. चार खुंट रोवा, बारदाना ताणून बांधा, वरून तुराट्या उभ्या लावून सुतळीनं आवळा. पाठीमागे मात्र गडद कापड हवंच. मागून उजेड आला की भोकातून तुमची हालचाल सावलीसारखी दिसते, आणि पक्षी नेमके शेवटच्या क्षणी वर उचलतात. छत विसरू नका, कारण होला आधी वरून बघतो. लेन्सचं भोक जमिनीपासून दीड फुटावर ठेवा; त्याहून खाली गेलात तर गव्हाची खुंटं आडवी येतात. लपण दोन-तीन दिवस आधी उभारून ठेवा. तुराट्यांची पेंढी उचलण्याआधी काठीनं झटका, खाली विंचू किंवा घोणस असू शकते. रोही-डुकरांसाठी वावराला झटका मशीन लावलंय का, हे मालकाला विचारल्याशिवाय कुंपण ओलांडू नका.

आता खोटे पक्षी. इंग्लंडमध्ये ते घोड्याच्या नालाच्या आकारात मांडतात, मधली जागा मोकळी ठेवतात, आणि येणारं कबुतर त्या मोकळ्या जागेत उतरतं. हाच आकार इथेही चालतो. मोकळं तोंड वाऱ्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे पक्षी येतात तिकडे ठेवा. सहा-सात पुरेत. कागदाच्या लगद्याचे करा, ठिपकेदार होल्याचे असतील तर चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण 30 सेंटिमीटर. रंग मळकट, अजिबात चमक नको. प्लॅस्टिक किंवा ऑइल पेंट उन्हात लकाकतो आणि थवा वरच्या वर वळतो. दोन पक्ष्यांत दोन-तीन हात अंतर ठेवा. बहुतेकांची तोंडं वाऱ्याकडे, एक-दोन थोडी तिरपी. सगळी एका रांगेत, एकाच दिशेला लावली की ती खोटी दिसतात.

तिकडे पंख फिरवणारं यंत्रही वापरतात. इंग्लंडच्या रानकबुतराच्या पंखावर पांढरा पट्टा असतो, उडताना तो लांबून चमकतो आणि यंत्र तेच दाखवतं. आपल्या होल्यांच्या पंखावर असा पट्टा नाही, त्यामुळे त्या खर्चात पडू नका. दाणे टाकूनही बोलावू नका. वावरात सांडलेलं पुरेसं असतं, आणि आमिष दाखवणं कायद्याच्या नजरेत कुठे बसतं ते खालच्या उत्तरात आलंय.

प्रश्न : गावातली पोरं गलोलीनं आणि फाशांनी होले धरतात. इंग्लंडमध्ये चालतं, मग आपल्याकडे काय हरकत, असं म्हणतात. (जि. यवतमाळ)

तिथे पिकाचं नुकसान रोखण्यासाठी सरकारी परवान्याच्या अटींवर रानकबुतर मारता येतं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 लागू आहे. त्यातल्या ‘शिकार’ या व्याख्येत मारणंच नव्हे, तर पकडणं, फासा लावणं, आमिष दाखवणं, तसा प्रयत्न करणं आणि अंडी-घरटी मोडणंही येतं. पोरांना हे स्पष्ट सांगा. ज्या हरियालाला आपण राज्यपक्षी म्हणून मान देतो, तोही याच कुळातला आहे.

प्रश्न : मार्चमध्ये दुपारी काढलेले सगळे फोटो धूसर येतात. लेन्स बिघडली का? (जि. वर्धा)

बहुधा नाही. तापलेल्या वावरावरची हवा हलते आणि तिच्यातून पिसांची रेघ फाटते. लेन्स कितीही महाग असली तरी हे टळत नाही, आणि जमिनीलगत लेन्स धरली की जास्तच जाणवतं. अंतर 15 मीटरच्या आत आणा आणि खरं काम चारनंतर करा. तेव्हा ऊनही मऊ होतं आणि झोपेच्या झाडावर जाण्याआधी होले भरभर चरतात. उतरत्या पक्ष्यासाठी शटर 1/2000 ठेवा, बसलेल्यासाठी 1/500 चालतं.

टिटवी सतत ओरडत डोक्यावर घिरट्या घालत असेल, तर तिचं घरटं जवळ उघड्या जमिनीवर आहे. लपण लगेच दुसरीकडे हलवा. अंडी उन्हात उघडी पडली तर थोड्या वेळात खराब होतात.

प्रश्न : होले पेरलेला हरभरा उकरून खातात. उपाय सांगा. (जि. बुलडाणा)

होले, पारवे पायांनी माती उकरत नाहीत, वर पडलेलंच टिपतात. बी उकरलेलं असेल तर तितर, मोर, उंदीर किंवा डुक्कर बघा. माती कशी पडलीय त्यावरून कळतं. होल्यांना मिळतो तो उघडा राहिलेला हरभरा, आणि तो बहुतेक ट्रॅक्टर वळतो त्या धुऱ्यालगतच्या पट्ट्यात असतो. बी पाच सेंटिमीटर खोल जाईल असं पेरा, वळणाची पट्टी हातानं बुजवा. बुरशीनाशक लावलेलं उरलेलं बियाणं धुऱ्यावर अजिबात फेकू नका. ते पक्ष्यांना विषारी ठरू शकतं, कोंबड्यांनाही. खड्डा करून खोल पुरा.