दहाच पक्षी ओळखता येतात, तरी पक्षीमोजणीच्या वीकएंडला जाऊ का?

प्रश्न असा होता: ‘सोलापुरात आमच्या सोसायटीतले काही जण फेब्रुवारीतल्या पक्षीमोजणीत भाग घेणार आहेत. मला कावळा, चिमणी, साळुंकी, पोपट असे फार तर दहा पक्षी ओळखता येतात. दुर्बीण नाही. माझ्यासारखीने जाऊन काही उपयोग होईल, की चुकीची माहिती भरून उलट नुकसानच होईल?’

ताई, नक्की जा. तुम्हाला येणारे दहा पक्षी या मोजणीला हवेच आहेत. चुकीच्या माहितीची भीती वाटते, ती मलाही वाटायची. मी इंदापूरची, नोकरी बँकेत, पक्षीशास्त्राशी संबंध नाही. पण उजनी धरणाचा फुगवटा घरापासून स्कूटरवर गेलं की लागतो आणि गेली सात वर्षं मी हे चार दिवस चुकवलेले नाहीत. त्या अनुभवावरून लिहिते.

तुमच्या सोसायटीत चाललंय ते बहुधा ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी ही मोजणी १९९८ मध्ये सुरू केली. २०१३ पासून ती जगभर होते आणि त्याच वर्षी भारतातले लोकही सामील झाले. फेब्रुवारीच्या मध्यावर शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस. आपल्याकडे त्या सुमाराला थंडीचे पाहुणे अजून पाण्यावर असतात, म्हणून तारखा आपल्यालाही सोयीच्या पडतात. करायचं एवढंच: एका जागी किमान पंधरा मिनिटं थांबायचं किंवा फिरायचं, दिसलेले-ऐकलेले जे पक्षी ओळखू येतात ते सगळे आकड्यासह लिहायचे, आणि ती यादी ‘ई-बर्ड’ या अ‍ॅपवर भरायची. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये पक्ष्यांची नावं मराठीत करून घेता येतात. ते आधी करा, कारण ‘प्रिनिया’ शोधत बसण्यापेक्षा ‘वटवट्या’ पटकन सापडतो.

आता उपयोगाचं. यादी भरून झाली की शेवटी अ‍ॅप विचारतं, तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही लिहिले आहेत का? या प्रश्नाचा अर्थ मला पहिल्या वर्षी कळला नव्हता. मी भल्या पहाटे जाऊन चित्रबलाक, थापट्या, शेकाटे असे देखणे पक्षी लिहिले, कावळे आणि पारवे सोडून दिले. कावळ्याची कसली नोंद, असं वाटलं. आणि खाली ‘हो, सगळे लिहिले’ असं दाबून मोकळी झाले. म्हणजे मी काय सांगितलं? की त्या सकाळी इंदापूरच्या काठावर दीड तासात एकही कावळा नव्हता. मी खोटी माहिती दिली होती, आणि ती ओळखण्यातल्या चुकीमुळे आली नव्हती. समोर दिसत असलेल्या पक्ष्याची किंमत मी केली नाही, त्यामुळे ती आली होती.

कारण अभ्यासक ‘कोणी काय पाहिलं’ एवढंच मोजत नाहीत. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे, हे ते बघतात. पाच वर्षांनी तेच बघतात, दहा वर्षांनी पुन्हा तेच. ज्या यादीत चिमणी नाही, ती यादीसुद्धा चिमणीबद्दल काहीतरी सांगत असते. पण यादी करणाऱ्याने प्रामाणिकपणे सगळं लिहिलं असेल तरच.

तुम्ही सोलापूरच्या, म्हणून जवळचंच उदाहरण देते. नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक गेल्यात जमा आहे, हे तुमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच्यावर सगळ्यांचं लक्ष होतं. पण तारेवर बसणारा नीलपंख, ज्याला काही जण नीलकंठ म्हणतात आणि दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात, त्याच्याकडे कोण बघत होतं? तो तर सगळीकडेच असायचा. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल आला, त्यात ९४२ जातींचा आढावा होता, आणि नीलपंखाची घट इतकी ठळक निघाली की त्याच्या धोक्याच्या श्रेणीचा जागतिक पातळीवर फेरविचार व्हावा, अशी शिफारस करावी लागली. तो अहवाल तीस हजारांहून जास्त लोकांनी भरलेल्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. वन विभागाची माणसं नव्हेत, पगारी संशोधक नव्हेत, बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे. कोणीतरी रस्त्याकडेला गाडी थांबवून ‘नीलपंख, १’ असं लिहिलं होतं, म्हणून ते कळलं. मला हे वाचून खरोखर भरून आलं होतं.

ओळख चुकण्याची भीती. चुकेल, माझीही चुकते. एका वर्षी कुंभारगावच्या बाजूला चिखलात चरणारे छोटे लांबचोचे पक्षी दिसले, मी बिनधास्त ‘हिरवी तुतवार, ४०’ लिहिलं. आठवड्याभरात नोंदी तपासणाऱ्या एका स्वयंसेवकाची मेल आली. अगदी सौम्य भाषेत विचारलं होतं की हिरवी तुतवार सहसा एकटीदुकटी असते, चाळीस एकत्र कशा? फोटो आहे का? मी फोटो मोठा करून पाहिला. भुवईची पांढरी रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली, पाठीवर ठिपके. ती ठिपकेवाली तुतवार होती, आणि ती थव्याने असते. नाव दुरुस्त केलं, झालं. माझा आकडा खरा होता म्हणूनच ती चूक पकडली गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आकड्याच्या जागी नुसती फुली टाकली असती तर कोणाला शंकाच आली नसती.

आणि मुळात खात्री नसेल तर सोडून द्यायला अ‍ॅपमध्ये जागा आहे. ‘बदक, जात नक्की नाही’, ‘तुतवारीपैकी कुठलीतरी’ अशा नोंदी चालतात. त्यात कमीपणा काहीच नाही. न ओळखलेला पक्षी गाळला तरी तुमची यादी ‘पूर्ण’च धरतात, कारण प्रश्न ‘ओळखता आलेले सगळे’ असा आहे. दहा ओळखता येत असतील तर त्या दहांची यादी पूर्ण यादी आहे.

मर्लिन नावाचं आवाजावरून पक्षी सांगणारं अ‍ॅप आहे, ते बरेच जण सुरू करून खिशात ठेवतात आणि त्याने दाखवलेली सगळी नावं जशीच्या तशी यादीत भरतात. हे मात्र करू नका. त्याने नाव दाखवलं की मान वर करून तो पक्षी शोधायचा, दिसला किंवा आवाजाची स्वतःला खात्री पटली तरच लिहायचा. आमच्याकडचा कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. फोनला शिक्रा ऐकू येतो आणि तारेवर कोतवाल बसलेला असतो.

मोजायचं कसं, हे मला प्रत्यक्ष उभं राहिल्यावरच समजलं. पाच-सात साळुंक्या सहज मोजता येतात. पण फेब्रुवारीत संध्याकाळी भोरड्यांचे थवे झाडांवर रात्रीच्या मुक्कामाला येतात, तेव्हा आभाळात धूर पसरावा तसे ते वळतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मोजायचं विसरून नुसती बघत राहिले. आमच्या गटातल्या एका निवृत्त गुरुजींनी शिकवलं: थव्याच्या एका कोपऱ्यातले पन्नास मोजायचे, त्या पन्नासांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात धरायचं आणि तेवढे तुकडे अख्ख्या थव्यावर ठेवत जायचं. आम्ही चौघांनी वेगवेगळे आकडे काढले, आठशे ते बाराशेच्या मधले. मग फोटो काढून घरी त्यावर ठिपके देत मोजले, तर साडेनऊशेच्या आसपास भरले. अंदाज चालतो, फक्त तो विचार करून केलेला असावा.

गटाने जाणार आहात, तर एक गोष्ट आधीच ठरवा. यादी एकानेच करायची आणि ती बाकीच्यांना अ‍ॅपमधूनच शेअर करायची. पाच जणांनी तेच पंचवीस बगळे वेगवेगळे भरले तर एकाच सकाळच्या पाच याद्या होतात. आमच्याकडे लिहिणारा एक, मोजणारे दोघं, आणि बाकीचे ‘तिकडे बघा, तिकडे’ म्हणणारे असतात. त्यांचाही उपयोग होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं येतात, त्यांच्या नजरेला आमच्या दुर्बिणी पुरत नाहीत. वेळेचंही भान ठेवा. चहा-पोह्यांना टपरीवर बसलात की यादी बंद करा. एकदा आमच्यातल्या एकाचा फोन तसाच चालू राहिला आणि चौदा किलोमीटरचा गाडीवरचा रस्ता ‘पायी फिरणं’ म्हणून नोंदला गेला. किती वेळात, किती अंतरात किती पक्षी, यावर सगळा हिशेब असतो, म्हणून ते नंतर दुरुस्त करावं लागलं. जागा बदलली की नवी यादी, आणि एक यादी साधारण किलोमीटरभराच्या आतच ठेवलेली बरी.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते होडी चालवणाऱ्या काकांनी. त्यांच्याकडे पुस्तक नाही. पण पाणी किती उतरलं की रोहित (फ्लेमिंगो) कुठल्या दलदलीत उतरणार, हे त्यांना पाण्याच्या रेघेवरून कळतं. धरणातलं पाणी उशिरापर्यंत भरलेलं राहिलं तर उथळ चिखल उघडा पडत नाही, मग रोहित उशिरा येतात, हे त्यांनी मला कोणत्याही अहवालाच्या आधी सांगितलं होतं. तुमच्या सोसायटीचा माळी, तळ्याकाठचा धोबी, मासे धरणारा कोणी असेल तर त्याला आवर्जून बरोबर घ्या. त्याला विचारा आणि तो सांगेल ते ऐका.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग आहे, तो लिहूनच टाकते. त्याच काठावर काही जण फोटोसाठी होडी थेट रोहितांच्या थव्यात घालायला लावतात, म्हणजे सगळे एकदम उडतात आणि गुलाबी पंख फोटोत येतात. खायला उतरलेला पक्षी दिवसातून दहा वेळा उठवला तर त्याने खायचं कधी? आमच्या काकांनी अशी गिऱ्हाइकं परत पाठवलेली मी पाहिली आहेत, स्वतःचे पैसे बुडत असतानाही. तुमच्या गटात कोणी मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायला लागलं किंवा घरट्याशी जाऊन फोटो काढायला लागलं, तर तिथल्या तिथे थांबवा. पक्ष्याची नोंद नाही झाली तरी चालेल.

दुर्बीण नसली तरी गच्चीतून सुरुवात करा. सकाळी सातला पंधरा मिनिटं, चारही दिवस, त्याच जागी. तीच जागा पुन्हा पुन्हा केली की तिसऱ्या दिवशी तुम्हाला कळायला लागेल की हा बुलबुल रोज याच आंब्यावर बसतो, आणि शिंपी दिसत नाही पण ‘टुविट टुविट’ सतत चालू असतं. दहाचे बारा-चौदा तिथेच होतील. मग एखाद्या सकाळी सगळ्यांबरोबर विजापूर रोडच्या संभाजी तलावावर जा. तिथे वारकरी आणि पाणकावळे नवख्या माणसालाही सहज ओळखता येतात. वारकऱ्याचं कपाळ पांढरं असतं, गंध लावल्यासारखं, तो एकदा पाहिला की विसरत नाही.

आणि रविवारी दुपारी मोकळ्या असाल तर माझं एक काम करा. मंगळवेढ्याच्या किंवा अक्कलकोटच्या रस्त्याला शेतांमधून कुठेतरी अर्धा तास विजेच्या तारा बघत चाला. नीलपंख दिसला तर आकडा लिहा. नाहीच दिसला, तर कावळे, होले, कोतवाल, जे असतील त्यांची त्या अर्ध्या तासाची यादी नीलपंखाशिवाय तशीच भरा. ती मला तितकीच हवी आहे.