जहाजावर आपली वाइन : वाचकांचे प्रश्न

क्रूझच्या सफरीला निघालेल्यांकडून या खेपेस बरीच पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: आपली बाटली सोबत नेता येईल का? विदर्भातून निघणाऱ्याच्या वाटेत जहाज कंपनीच्या नियमाआधी दोन अडथळे येतात, जिल्ह्याची दारूबंदी आणि उन्हाळा. पुढची उत्तरं ते दोन्ही धरून दिली आहेत.

प्रश्न : पुढच्या महिन्यात लग्नाला पंचवीस वर्षं होतात. मुलांनी आम्हा दोघांसाठी सिंगापूरहून रॉयल कॅरिबियनची चार रात्रींची क्रूझ घेतली. त्या दिवशी नाशिकची वाइन उघडावी अशी ह्यांची फार इच्छा आहे. पण आम्ही आर्वीचे, आमच्याकडे दारूबंदी. विमान नागपूरहून, मुंबईत बदलून. बाटली घ्यायची कुठून आणि न्यायची कशी? (एक वाचक, आर्वी, जि. वर्धा)

ताई, बाटली घरी आणूच नका. वर्धा जिल्ह्यात १९७४पासून दारूबंदी आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली तिथे दारू विकणं तर गुन्हा आहेच, जवळ बाळगणं आणि वाहून नेणंही गुन्हा आहे. वाइन त्यातून सुटत नाही. ‘सील फोडलेलं नाही, प्रवासाला नेतोय’ हे कारण चालत नाही. म्हणून घरून निघताना सूटकेसमध्ये बाटलीपुरती जागा रिकामी ठेवा आणि खरेदी नागपूर शहरात, विमानतळाच्या वाटेवर, परवानाधारक दुकानातून करा. वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं. दुकानातूनच एक दिवसाचा परवाना मिळतो, नाममात्र पैशांत. तो आणि बिल दोन्ही पाकिटात ठेवा.

बाटली चेक-इनच्या सामानातच जाईल. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठं द्रव चालत नाही. २४ टक्क्यांपेक्षा कमी मद्यार्काच्या पेयांवर विमानाच्या धोकादायक-वस्तूंच्या नियमात बंधन नाही आणि वाइन साधारण १२ ते १४ टक्क्यांची असते. खरी अडचण वजनाची. भरलेली काचेची बाटली सव्वा ते दीड किलो भरते. दोन बाटल्या म्हणजे जवळजवळ तीन किलो, आणि देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलोच मिळतात.

बांधायची अशी. आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, गाठ मारा. त्यावर आंघोळीचा टॉवेल दोन वेढे. मग बाटली सूटकेसच्या मधोमध आडवी, चारही बाजूंनी कपडे, मान कोपऱ्याकडे किंवा चाकांकडे नको. फुटलीच तर पिशवी वाइन अडवते आणि टॉवेल काच. घरचा कापूस भरपूर आहे म्हणून तो किंवा तणस भरू नका. परदेशात उतरताना शेतमालाची वेगळी तपासणी असते आणि बाटलीपेक्षा त्या कापसापायी जास्त वेळ जातो.

सिंगापुरात उतरताना १८ वर्षांवरील प्रवाशाला एकूण २ लिटरपर्यंत मद्य करमुक्त नेता येतं, त्यात दोन्ही लिटर वाइनचेही चालतात. अट इतकीच की तुम्ही ४८ तास किंवा अधिक सिंगापूरबाहेर असावं आणि मलेशियातून येत नसावं. तुम्ही दोघांनी मिळून दोन बाटल्या नेल्यात तरी दीडच लिटर होतात. प्रश्न नाही.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते ठिकाण. मरीना बे क्रूझ सेंटरला पोचल्यावर मोठं सामान हमाल घेतात आणि ते वेगळ्या वाटेनं जहाजावर जातं. त्याआधी बाटली सूटकेसमधून काढून हातातल्या बॅगेत घ्या. रॉयल कॅरिबियनचा नियम असा: पिण्याचं वय पूर्ण असलेल्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलिलिटरची एक सीलबंद वाइन किंवा शॅम्पेन, फक्त चढण्याच्या दिवशी, हातातल्या सामानात. मोठ्या सामानात राहिली तर एक्स-रेमध्ये दिसते, बॅग अडकते आणि संध्याकाळचे कपडे तिच्यातच असले तर खोलीत बसून वाट पाहावी लागते. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही आणि जहाजावर हातातच लागते. हा उलटा नियम डोक्यात घट्ट बसवा.

प्रश्न : सगळ्या जहाजांचा नियम सारखाच असतो का? कुणी म्हणतं दोन बाटल्या, कुणी म्हणतं एकही नाही. (वरुड, जि. अमरावती)

सारखा नाही. कार्निव्हल आणि प्रिन्सेस प्रत्येक प्रौढामागे ७५० मिलिलिटरची एक बाटली नेऊ देतात. नॉर्वेजियनमध्ये वाइनच्या बाटल्यांवर संख्येची मर्यादा नाही, पण प्रत्येक ७५० मिलिलिटरच्या बाटलीला १५ डॉलर आणि दीड लिटरच्या बाटलीला ३० डॉलर कॉर्केज, म्हणजे आपली बाटली आणल्याचा आकार, चढतानाच घेतात. एमएससीमध्ये बाहेरचं मद्य चालत नाही. मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलियावरही नाही, त्यामुळे गोवा किंवा लक्षद्वीपच्या सफरीसाठी बाटली घेण्याचा विचारच सोडून द्या.

व्हिस्की, रम, बिअर आणि खोक्यातली वाइन वरच्या कुठल्याही सवलतीत बसत नाही. मुलांच्या वाट्याची बाटलीही मोजत नाहीत. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजावर वय २१ लागतं, सिंगापूरहून सहसा १८. कंपन्या हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून बुकिंगच्या कागदांतला मद्याचा परिच्छेद निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचा. एजंटच्या तोंडी ‘चालते हो भाऊ’वर जाऊ नका.

प्रश्न : मे महिन्यात निघायचं होतं. दहा दिवस आधी एक लाल वाइन आणून कपाटावर ठेवली. काल पाहिलं तर बूच वर आलेलं आणि वरच्या पन्नीखाली चिकट. बाटली खराब झाली का? असं काहून झालं? (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

भाऊ, ती बाटली आता नेऊ नका.

बुचाच्या खाली, बाटलीच्या मानेत, जेमतेम दीड-पावणेदोन सेंटिमीटर मोकळी जागा असते. तिच्यात मावतं चार-पाच मिलिलिटर. ७५० मिलिलिटर वाइन २० अंशांवरून ४० अंशांवर गेली की पाच-सहा मिलिलिटरनं फुगते. म्हणजे मोकळी जागा संपते, आतली हवा दाबली जाते आणि बूच वर सरकतं. तुमच्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५च्या पुढे जातो, पत्र्याखालच्या खोलीत कपाटाच्या माथ्यावर तर सगळी ऊब साठते. रात्री गार झाली की वाइन आकसते आणि सैल झालेल्या बुचाच्या कडेनं बाहेरची हवा आत ओढते. दिवसाला एकदा असं झालं तरी दहा दिवसांत दहा वेळा हवा आत गेली. पन्नीखालचा चिकटपणा हा बाहेर आलेल्या वाइनचा.

अशी वाइन प्यायल्यानं अपाय होत नाही, पण चव गेलेली असते. ग्लासात ओतून उजेडात धरा: कडेला विटकरी झाक आणि वासाला शिजलेल्या मनुकांसारखी, मुरंब्यासारखी आली तर ती वाइन संपली. शिवाय बूच वर आलेली बाटली जहाजाच्या तपासणीत ‘उघडलेली’ ठरू शकते. सीलबंद याचा अर्थ पन्नी आणि बूच दोन्ही जसंच्या तसं.

उन्हाळ्यात बाटली निघायच्या दिवशीच घ्या. काही दिवस ठेवावीच लागली तर फ्रिजच्या सगळ्यात खालच्या, भाजीच्या कप्प्यात आडवी. फ्रिज नसेल तर घरातली सगळ्यात आतली, जमिनीलगतची जागा शोधा, माठाशेजारी, ओल्या पोत्यात गुंडाळून. ओलं पोतं पाणी उडताना उष्णता घेतं आणि कोरड्या हवेत ते चांगलं काम करतं. बाटली मात्र आधी पिशवीत घाला, नाहीतर लेबल गळून पडेल आणि बिनालेबलाची बाटली जहाजावर चढत नाही. गाडीच्या डिकीत तर अर्धा तासही ठेवू नका, तिथे बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं.

शक्य असेल तर फिरकीच्या झाकणाची वाइन निवडा. सुलाच्या बऱ्याच वाइन तशा येतात. झाकण वर सरकत नाही आणि उघडायला अवजार लागत नाही. उष्णतेनं चव मात्र तिचीही जाते.

प्रश्न : जावई म्हणतो, तोंड धुवायच्या औषधाच्या बाटलीत भरून न्या, कोणी पाहत नाही. (भंडारा)

पाहतात. सामान एक्स-रेतून जातं आणि मोठ्या द्रवाच्या बाटल्या बाजूला काढून उघडतात. सापडली की जप्त होते, आणि नियम मोडल्यामुळे जहाजावर चढू न देण्याचा अधिकार कंपनीकडे असतो. परदेशी बंदरात, तिकिटाचे पैसे बुडून, बायकामुलांसह उभं राहायची वेळ येईल असं काही करू नका. एक सीलबंद बाटली उघडपणे नेता येते, तेवढीच न्या. घरी केलेली संत्र्याची वाइन किंवा मोहाचं काहीही, कितीही चांगलं असलं तरी, कारखान्याचं सील नसल्यामुळे चालणार नाही.

प्रश्न : आपली बाटली जेवणाच्या हॉलमध्ये नेली तर पैसे पडतात म्हणे. खरं का? (पुसद, जि. यवतमाळ)

बहुतेक ठिकाणी खोलीत प्यायलात तर काही नाही, जेवणाच्या हॉलमध्ये नेलीत तर कॉर्केज. म्हणजे बाटली उघडून, ग्लास देऊन वाढण्याचा आकार. कार्निव्हलवर तो १५ डॉलर आहे. रुपयांत बाराशेच्या वर जातो, म्हणजे नाशिकच्या साध्या वाइनच्या किमतीहून जास्तच. पण हिशेब पुढे करा. एका बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात. जहाजावर एकेक ग्लास बहुधा १० डॉलरच्या पुढे, वर १८ टक्क्यांच्या आसपास सेवाशुल्क. पाचही ग्लास जेवताना प्यायचे असतील तर कॉर्केज देऊनही आपली बाटली स्वस्त पडते. एकच ग्लास हवा असेल तर तिथलाच घ्या.

बाटली एका जेवणात संपली नाही तर वेटरला सांगा. बूच लावून, खोलीचा नंबर टाकून दुसऱ्या रात्रीसाठी ठेवतात.

खोलीत उघडायची असेल तर दोन गोष्टी. बूच काढायचा स्क्रू विमानात हातातल्या बॅगेत घेऊ नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. खोली सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगितलं की तो उघडून देतो आणि ग्लासही आणतो. दुसरं, खोलीतला छोटा फ्रिज फार गार करत नाही. पांढरी वाइन गार हवी असेल तर बर्फाची बादली मागवा. नुसता बर्फ नको, निम्मा बर्फ निम्मं पाणी, म्हणजे काचेला चहूकडून गारवा लागतो. मानेपर्यंत बुडवली तर वीसेक मिनिटं पुरतात. बाटली टेबलावर किंवा बाल्कनीत उभी सोडू नका, रात्री जहाज डोललं की पडते. बादलीतच राहू द्या.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत, तिकडून मायामीची क्रूझ आहे. इथून न्यावी की तिकडे घ्यावी? (अचलपूर, जि. अमरावती)

तिकडे घ्या. २१ वर्षांवरील प्रवाशाला अमेरिकेत उतरताना एक लिटर करमुक्त असतं, म्हणजे एकच ७५० मिलिलिटरची बाटली, तीही घोषणा करून. वीस-बावीस तासांचा प्रवास आणि दोन-तीन विमानं बदलताना सामानाची फेकाफेक. मुलगा बंदराकडे जाताना वाटेतल्या दुकानातून घेईल. भारतातलीच वाइन त्या दिवशी हवी असेल तरच हा खटाटोप करावा, आणि लग्नाच्या वाढदिवसासारख्या दिवशी तो करावासा वाटणं अगदी समजण्यासारखं आहे.

प्रश्न : आम्ही पीत नाही. घरच्या संत्र्याचा रस नेता येईल का? (काटोल, जि. नागपूर)

घरी काढलेला नाही. कार्निव्हलवर मद्य नसलेली पेयं कॅन किंवा कागदी खोक्यांत चालतात, माणशी १२पर्यंत, प्रत्येक ३५५ मिलिलिटरचं. बाटल्या नकोत. संत्री सोबत घेतलीच तर परदेशी बंदरावर उतरवू नका, ताज्या फळांना तिथे बंदी असू शकते.

प्रश्न : परत येताना जहाजावरच्या दुकानातून एक बाटली घेतली तर गावी आणता येईल का? (देसाईगंज, जि. गडचिरोली)

भारतात आणता येते, गावी नाही. परतताना प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य करमुक्त आहे. जहाजावर किंवा मधल्या बंदरात घेतलेली बाटली लगेच हातात मिळत नाही, ती ठेवून घेतात आणि शेवटच्या रात्री किंवा सकाळी खोलीत आणून देतात. तिला विमानतळाच्या दुकानासारखं सुरक्षा-सील नसतं, म्हणून परतीच्या विमानात तीही चेक-इनच्या सामानातच भरावी लागेल. आदल्या रात्री सूटकेस बंद करून खोलीबाहेर ठेवलेली असते हे विसरू नका. टॉवेल आणि पिशवी हाताशी ठेवा, म्हणजे विमानतळावर पुन्हा बांधता येईल.

गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. कस्टमच्या पावतीवरून कर लागला की नाही एवढंच कळतं, बंदीच्या जिल्ह्यात बाटली आणायचा परवाना ती होत नाही. चंद्रपूरची २०१५ची बंदी २०२१मध्ये उठली, पण म्हणून शेजारच्या तालुक्यातून हद्द ओलांडून आणता येते असं नाही. बाटली कुणाला भेट द्यायची असेल तर नागपूरच्या नातेवाइकांकडेच द्या, आणि तिथून पुढचा प्रवास रिकाम्या पिशवीनं करा.