अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्राचा भूकंपीय छेद पहिल्यांदा वाचताना

भूकंपीय छेद म्हणजे समुद्रतळावरून आणि त्याखालच्या थरांवरून परतलेल्या ध्वनिलहरींचं चित्र; त्यात खाली खोली नाही, तर लहरीला जाऊन यायला लागलेला वेळ असतो. थर आखायची घाई नको. आधी समुद्रतळाच्या परावर्तनाची वेळ दुप्पट करून तिथे खूण करा. ५०० मीटर पाण्यात तळ साधारण ०.६७ सेकंदाला दिसतो, म्हणजे १.३३ सेकंदाजवळचा ठळक ‘थर’ बहुधा त्याचा प्रतिध्वनीच, म्हणजे पाण्यात दोनदा ये-जा करून आलेली लहर. बर्फाने दाबून कडक केलेला तळ असे प्रतिध्वनी जोरात देतो, नवखे हमखास इथेच फसतात.

मग एवढंच बघा:

- थर कुठे छाटलेत? प्रत्येक विसंगती (छाटलेल्या जुन्या थरांवर नवे थर बसल्याची सीमा) भूहालचालींमुळे नसते, सरकता बर्फही तळ खरवडतो.
- खचलेल्या बाजूला थर प्रस्तरभंगाकडे (ज्या भेगेवर खडक सरकलेत तिच्याकडे) जाड होत गेलेत? मग गाळ साचत असताना भंग सक्रिय होता.

वयं मनाने लिहू नका. १९७३ मधल्या डीप सी ड्रिलिंग प्रोजेक्टच्या २७० ते २७३ क्रमांकाच्या खोदविहिरींशी जोडा. वेळेचं मीटरमधल्या खोलीत रूपांतर सध्या राहू द्या.